पहिला कवितासंग्रह: पुण्यात की वडशात?
पुण्याचा प्रकाशक पुस्तक राज्यभर दुकानांत पोचवतो, बांधणीही उजवी. पण माझ्या झाडीबोलीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या बोलीतल्या, कवितांची मुद्रितं तिथून आली, तेव्हा ‘पानी’चं सगळीकडे ‘पाणी’ झालेलं. आमच्या बोलीत ‘ण’ नाहीच! गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या छोट्या प्रकाशकाला हे समजवावं लागत नाही. प्रती तीनशेच निघतात, थोडे पैसे आपलेही लागतात. पण दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, रात्री नाटक असतं. तो मंडपाजवळ सतरंजी टाकून नव्या लेखकांची पुस्तकं मांडतो. मागल्या मंडईत एका बाईनं मुरमुऱ्यांची पुडी काखेत धरून चार ओळी मोठ्यानं वाचल्या नि म्हणाली, ‘हे त आपल्याच घरचं बोलनं!’ कवितासंग्रह मी वडशालाच देईन. कादंबरीसाठी पुणं चालेल. मात्र बोलीला हात लावणार नाही, हे आधी लिहून घ्या.