ब्रोका की वर्निके? ‘वाचा गेली’ म्हणजे नेमके काय गेले

पक्षाघातानंतर वाचा गेली, असे आपण सरसकट म्हणतो. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात, ब्रोका क्षेत्रात (बोलणे जुळवणारा भाग; डॉक्टर ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखवून दिलेला) असेल तर ऐकलेले बरेचसे कळते, पण शब्द अडतात: ‘चहा... नको... पाणी’. प्रत्यय गळतात किंवा चुकतात. चूक स्वतःला कळते, म्हणून चिडचिड फार. हो-नाहीत उत्तर देता येईल असे विचारा आणि थांबा. वाक्य तुम्ही पुरे करू नका.

वर्निके क्षेत्र (बोललेले समजून घेणारा भाग; डॉक्टर वर्निके यांनी १८७४ मध्ये मांडलेला) कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला. तिथे इजा झाली की बोलणे अस्खलित, अर्थ मात्र लागत नाही, ऐकलेले समजणेही जाते. हातपाय बहुधा धड असल्याने घरच्यांना ‘भ्रम झाला’ वाटते आणि उपचाराचे मोलाचे तास जातात. इथे मोठ्याने ओरडून उपयोग शून्य. छोटे वाक्य बोला, वस्तू दाखवा.