कंटेनरचं घर की पफ पॅनेलचं?
गगनबावड्याच्या वाटेवर रान घेतलेला मामेभाऊ महिनाभर याच पेचात आहे. पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णता अडवणारा फोम भरलेली तयार फळी. ‘मेंटेनन्स फ्री’ हे जाहिरातीतलं बोलणं सोडून द्या. तिकडच्या पावसात लोखंड गंजतंच.

आधी रस्ता बघा. वीस फुटी कंटेनर रिकामाच दोन टनांच्या वर भरतो, त्यामुळं ट्रेलर आणि क्रेन रानापर्यंत पोचायलाच हवी. उसातून जाणारी अरुंद गाडीवाट असेल तर विषय तिथंच संपला. पॅनेल सुटी येतात, जागेवर जोडतात.

मजबुतीत कंटेनर सरस. पण दार-खिडकीसाठी पत्रा कापला की ताकद घटते. तिथं चौकट वेल्ड करून घ्याच. आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट, उष्णता अडवणारा थर लावला की आणखी कमी. आणि तो थर नसेल तर एप्रिलात आत बसवत नाही. पफमध्ये तो पॅनेलातच असतो. सांधे मात्र नीट बंद हवेत, नाहीतर पाणी झिरपतं.

पाया दोन्हींना लागतो. ‘हलवता येतं, परवानगी नको’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. बिगरशेतीची चौकशी आधी करा.

अवजारं, राखणदाराची खोली, पुढं हलवायचा विचार असेल तर कंटेनर. कुटुंबानं राहायचं असेल तर मी पफच घेईन, वर उतरतं छप्पर आणि चांगली पुढं आलेली वळचण करून.