डिपार्टमेंटची वेबसाइट नव्यानं करायचीय: एजन्सी, वर्डप्रेस की युनिव्हर्सिटीचंच पान?

फोंड्याला एका कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला, तिच्या गळ्यात डिपार्टमेंटच्या साइटचं काम पडलंय आणि पुढच्या मीटिंगच्या आत सांगायचंय की बाहेर द्यायचं की आपणच करायचं. मी या कामातून गेलेय, एकदा चुकलेय आणि परत पहिल्यापासून केलंय, त्यामुळे तिला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते.

आधी एजन्सी. आमचं पहिलं काम एका एजन्सीनंच केलं, तीन कोटेशनं मागवली, तुलनात्मक तक्ता केला, सगळ्यात कमी रेटवाल्याला दिलं, आणि साइट दिसायला खरंच सुंदर झाली, उद्घाटनाला प्रिन्सिपल सर पण खूश. पण आतलं पॅनेल, म्हणजे मजकूर टाकायची-बदलायची जागा, त्यांनी स्वतः लिहिलेलं, ते फक्त त्यांच्या एका मुलाला कळायचं, आणि तो मुलगा नोकरी सोडून बंगळूरला गेला. मग साधी नोटीस टाकायची तरी मेल करा आणि वाट बघा, आठ आठ दिवस. एएमसी (वर्षाच्या देखभालीचा करार) संपली, आणि नंतर सर्व्हरवर पीएचपीचं, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिली होती तिचं, नवीन व्हर्जन आलं (ते आणावंच लागतं, ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मधेच बंद झालाय) तेव्हा पॅनेल उघडायचंच बंद झालं. साइट समोर दिसतेय, पण तिच्यातलं एक अक्षर आम्हाला बदलता येत नाही, अशी आमची अवस्था वर्षभर होती.

तरी एजन्सी वाईटच असं मी म्हणणार नाही. डिपार्टमेंटमधे तीनच जण आहेत, दोघं लेक्चर बेसिसवर, कोणाला वेळ नाही, तर एजन्सीच घ्या. फक्त वर्क ऑर्डरमधे लिहून घ्या की सोर्स कोड, डेटाबेस आणि सगळे पासवर्ड आपल्या हातात देणार, जुनी किती पानं नवीन साइटवर आणणार, दोन माणसांना ट्रेनिंग देणार, आणि पॅनेल घरचं नको, वर्डप्रेससारखं (साइट बनवायचं आणि चालवायचं तयार सॉफ्टवेअर) चारचौघांना येणारं काहीतरी हवं. हे कोटेशन मागवतानाच लिहा, कारण नंतर विचारलं तर प्रत्येक गोष्टीचं वेगळं बिल येतं.

दुसरा मार्ग, वर्डप्रेस आपणच. सॉफ्टवेअर फुकट आहे, २००३ पासून चालू आहे, आणि येणारी माणसं गोव्यात कुठंही मिळतात, म्हापशात, मडगावात, तुमच्याच बीसीएच्या वर्गात. आम्ही दुसऱ्यांदा हेच केलं, फक्त सुरवातीचं सेटिंग आणि थीम (साइटचं रूप) एका ओळखीच्या मुलीकडून पैसे देऊन करून घेतली. मला सगळ्यात आवडलं ते रोल वाटून देणं: विद्यार्थी कॉन्ट्रिब्युटर, म्हणजे तो लिहू शकतो पण पब्लिश करू शकत नाही, एडिटर मी आणि एक सर. एक लक्षात ठेवा, कॉन्ट्रिब्युटरला फोटो किंवा फाइल अपलोड करता येत नाही, आम्ही त्यावर एक आख्खी दुपार घालवली आणि आम्हाला वाटत होतं साइटच बिघडलीय. त्रास आहे तो अपडेटचा. छोटे सिक्युरिटी अपडेट आपोआप होतात, पण थीम आणि प्लगिन (जास्तीच्या सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्रॅम) कोणीतरी बघायलाच हवेत, नाहीतर एक दिवस साइटवर भलत्याच जाहिराती दिसतील. म्हणून प्लगिन कमीत कमी, आणि महिन्यातून एक दिवस ठरवून बॅकअप.

ड्रुपल, म्हणजे वर्डप्रेससारखंच दुसरं सॉफ्टवेअर, पण कोणीतरी सुचवेल. ताकदवान आहे, पण एका डिपार्टमेंटला जड, आणि ड्रुपल ७ वर ज्यांच्या साइट होत्या त्यांचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि पुढच्या व्हर्जनवर जाणं म्हणजे जवळपास नवीन साइट बांधणं. गूगल साइट्स (गूगलचं साइट बनवायचं फुकट साधन) मेळाव्यापुरतं ठीक.

तिसरा मार्ग, युनिव्हर्सिटीच्या मुख्य साइटमधेच आपलं पान. बॅकअप, सिक्युरिटी, एसी डॉट इनचा (शिक्षणसंस्थांचा) पत्ता, सगळं त्यांच्याकडं, आपण फक्त मजकूर द्यायचा. तुमच्या कॉम्प्युटर सेंटरनं डिपार्टमेंटला स्वतःचं लॉगिन दिलं तर माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे, रंग आणि मेनू मनासारखे नाही मिळाले तरी. पण लॉगिन नसेल आणि प्रत्येक नोटिशीला अर्ज करावा लागत असेल तर परत तेच आठ दिवस.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. आमच्याकडं एक मुलगी होती, तिला दिसत नाही, पेडण्याहून कदंबच्या बसनं यायची. तिनं एकदा फोन माझ्यासमोर धरला, टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) चालू होतं, आमची परीक्षेच्या टाइमटेबलची पीडीएफ उघडली, फोननं फाइलचं नाव वाचलं आणि पुढं काहीच नाही. कारण ते टाइमटेबल म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचा स्कॅन होता, फोनला ते नुसतं चित्र. सगळ्या वर्गाला माहीत असलेली तारीख तिला मैत्रिणीला विचारावी लागायची, आणि आम्ही मात्र स्लायडरवर मिरामारचा फोटो ठेवायचा की कॅम्पसचा यावर दोन मीटिंगा घातल्या होत्या. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं: टाइमटेबल, सिलॅबस, नोटीस आधी टाइप केलेला मजकूर, सहीचा स्कॅन त्याच्या खाली. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातलं कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १. मराठी-कोंकणी मजकूर युनिकोडमधे (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी वाचली जाणारी अक्षरं), जुन्या फॉन्टातलं जसंच्या तसं चिकटवलं तर नुसती विचित्र चिन्हं दिसतात आणि सर्चमधे काहीच सापडत नाही. एजन्सी असो की आपण, हे काम मजकूर देणाऱ्याचंच आहे.

आणि लिंका. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) एक्यूएआरमधे, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवालात, आपण दरवर्षी पुराव्याच्या लिंका देतो, नवीन साइट आली की पत्ते बदलतात आणि जुन्या रिपोर्टातली लिंक उघडली की पान सापडत नाही. आम्हाला हे कमिटी यायच्या जरा आधी कळलं आणि तीन रात्री जागून दुरुस्त केलं.

मैत्रिणीकडं दोन उत्साही लेक्चरर आहेत आणि कॉम्प्युटर सेंटर लॉगिन द्यायला तयार नाही, म्हणून तिला मी वर्डप्रेस सांगितलं, सेटिंगपुरतं बाहेरचं माणूस, आणि बदल ॲडमिशनच्या दिवसांत अजिबात नाही, सेमिस्टरच्या सुट्टीत. पण त्याच्याही आधी एक एक्सेल शीट: डावीकडं जुना पत्ता, उजवीकडं नवीन, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नवीन पानावर नेणारी सोय) लावता येतात. काल तिनं ती पाठवली, डावा रकाना भरलाय, आणि पहिलीच ओळ २०१८ च्या एक्यूएआरची आहे.