पाश्चात्य आणि पौर्वात्य तत्त्वज्ञानात पदवी : पुणे-मुंबई, दिल्ली की परदेश?

बारावीनंतर तत्त्वज्ञान घ्यायचं ठरलं आणि त्यातही दोन्ही परंपरा शिकायच्या असतील, तर पहिली अडचण अशी की प्रॉस्पेक्टसमध्ये सगळीकडे दोन्ही लिहिलेल्या असतात. ग्रीक तत्त्वज्ञान, भारतीय दर्शने, नीतिशास्त्र, तर्कशास्त्र ही पेपरांची नावं पुण्यात, दिल्लीत थोड्याफार फरकाने सारखीच दिसतात. त्यावरून निवड करता येत नाही. तीन वर्षांत कोणते ग्रंथ मुळातून वाचून होतात, तर्कशास्त्र किती आणि कोणतं शिकवतात, आणि तुमचं लिखाण कोण तपासतं, या तीन प्रश्नांवर ती करावी.

इथे तीन मार्ग शेजारी ठेवले आहेत : महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान मेजर (मुख्य विषय) आणि संस्कृत किंवा पाली मायनर (जोडविषय), दिल्ली विद्यापीठाची बी. ए. ऑनर्स, आणि परदेशात लायडन किंवा लंडनच्या सोआसची तौलनिक पदवी.

महाराष्ट्र : भाषा हाताशी, विभाग लहान

आपल्याकडच्या विद्यार्थ्याची एक जमेची बाजू सहसा कोणी मोजत नाही. दहावीपर्यंत शंभर किंवा पन्नास गुणांचं संस्कृत झालेलं असतं आणि लिपी शिकावी लागत नाही. लंडनमध्ये बसून संस्कृत सुरू करणाऱ्याचे पहिले काही महिने यातच जातात. हा फायदा पदवीच्या पहिल्याच वर्षी वापरला नाही तर तो वाया जातो. दोन वर्षं खंड पडला की शब्दरूपंही हातची जातात.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मायनरला साधारण 18 ते 20 क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, म्हणजे एकूण 270 ते 300 तास. एवढ्या तासांत संस्कृत शिकवणारी भांडारकरांची मार्गोपदेशिका पुरी होते आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायदर्शनाचा प्राथमिक ग्रंथ शिक्षकाच्या मदतीने ओळीने वाचता येतो. मात्र मायनरमध्ये महाविद्यालयाने व्याकरणाऐवजी ‘संस्कृत साहित्याची ओळख’ ठेवली असेल, तर तीन वर्षांनी हातात भाषांतरंच राहतात. म्हणून मायनरचा अभ्यासक्रम मेजरइतकाच बारकाईने पाहा. बौद्ध तत्त्वज्ञानाकडे ओढा असेल तर पाली घ्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवून : नागार्जुन, दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञांनी संस्कृतात लिहिलं. पालीने त्रिपिटक आणि मिलिंदपञ्ह उघडतो, बौद्ध प्रमाणशास्त्र, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनांनी होतं याचा विचार, उघडत नाही.

पहिल्या वर्षी सर्वांना असणारा भारतीय ज्ञान प्रणालीचा दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे दर्शनांचा अभ्यास नव्हे. तो मोजणीत धरू नका.

आता कमकुवत बाजू. तत्त्वज्ञानाचे विभाग लहान असतात. काही ठिकाणी विषय मेजर म्हणून मिळतच नाही, फक्त मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळतो; काही ठिकाणी कागदावर मेजर असतं, पण पुरेसे विद्यार्थी नसतील तर वर्ग उभा राहत नाही. फर्ग्युसन किंवा रुईयासारख्या जुन्या महाविद्यालयांतही प्रवेशाआधी विचारून घ्यावं : या वर्षी तिसऱ्या वर्षाला मेजरचे किती विद्यार्थी आहेत आणि पूर्णवेळ शिक्षक किती? एकच शिक्षक असेल तर तीन वर्षं तुम्ही एकाच माणसाचं तत्त्वज्ञान शिकता. शिक्षक उत्तम असला तरी हे नुकसानच आहे. पुण्यात किंवा मुंबईत विद्यापीठाच्या विभागातली व्याख्यानं आणि चर्चासत्रं ऐकायला जाता येतं, त्याने ही उणीव थोडी भरून निघते. हे विभाग मुख्यतः एम. ए. आणि संशोधनाचे असतात, पण मागच्या बाकावर बसू देतात का, हे विचारायला हरकत नाही.

मराठीतून लिहिण्याची मुभा ही सोय आहे आणि सापळाही. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश आणि पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं ‘परामर्श’ हे नियतकालिक यांमुळे मराठीत विचार करायला भक्कम परिभाषा मिळते. ती वापरा. पण कान्ट किंवा विटगेनश्टाइनवरचं अलीकडचं लेखन इंग्रजीतच वाचावं लागेल. उत्तरं मराठीत लिहायची असली तरी दर सेमिस्टरला एक निबंध इंग्रजीत लिहून तपासून घ्यावा.

दिल्ली : आखीव अभ्यास, जास्त सोबती

दिल्ली विद्यापीठात प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि बारावीला तत्त्वज्ञान असण्याची अट नसते. ऑनर्सच्या पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये दर वेळी तीन मुख्य पेपर, प्रत्येकी चार क्रेडिटचे. म्हणजे तीन वर्षांत 18 पेपर, 72 क्रेडिट निव्वळ तत्त्वज्ञानाचे. पाश्चात्य बाजू सलग शिकायची असेल तर ही चौकट चांगली आहे. शिवाय अनेक महाविद्यालयांत ऑनर्सचा स्वतंत्र वर्ग असतो, त्यामुळे वाद घालायला सोबती मिळतात. तत्त्वज्ञानात हा अभ्यासाचाच भाग आहे. ज्याच्या युक्तिवादावर कोणी आक्षेप घेत नाही, त्याचा युक्तिवाद कच्चाच राहतो.

भारतीय बाजू इथे बहुतेक वेळा इंग्रजी भाषांतरांतून शिकवली जाते. नऊ दर्शनं एका-दोन सेमिस्टरमध्ये, प्रत्येकाला जेमतेम दोन आठवडे, हा वेग देशभर आहे. त्यातून परीक्षेपुरत्या टिपा तयार होतात : चार्वाकाचं एक प्रमाण (ज्ञानाचं साधन), सांख्यांची तीन, नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, चार. प्रमाणांची संख्या पाठ होते आणि ती संख्या कमी-जास्त का, हा वादच राहून जातो. दिल्लीला जाणार असाल तर संस्कृत जेनेरिक इलेक्टिव्हमधून (दुसऱ्या विभागाचा ऐच्छिक पेपर) घ्या आणि पहिल्याच सेमिस्टरला सुरू करा. राहण्या-खाण्याचा खर्च धरा. फी कमी असली तरी वसतिगृहाच्या जागा थोड्या आणि बाहेरची भाडी मोठी आहेत.

परदेश : तुलनेचं खरं शिक्षण, पण महाग

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात जागतिक आणि तौलनिक दृष्टीने तत्त्वज्ञान शिकवणारी इंग्रजी माध्यमाची पदवी आहे : तीन वर्षं, 180 युरोपीय क्रेडिट. तिथे पौर्वात्य म्हणजे फक्त भारत असं नाही. चिनी तत्त्वज्ञान, इस्लामी परंपरा यांनाही जागा आहे. आपल्याकडच्या पदवीत कन्फ्यूशियस आणि च्वांग्त्स हे चिनी तत्त्वज्ञ बहुधा एका प्रकरणात उरकतात आणि इब्न सीना, इब्न रुश्द हे इस्लामी परंपरेतले तत्त्वज्ञ कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. ना पूर्वेच्या पेपरात, ना पश्चिमेच्या. अ‍ॅरिस्टॉटल मध्ययुगीन युरोपात कसा पोचला हे या दोघांशिवाय कळत नाही, म्हणून ही उणीव लहान नाही.

लंडनच्या सोआसमध्ये जागतिक तत्त्वज्ञानांचा अभ्यासक्रम आहे आणि आशियाई-आफ्रिकी भाषा शिकवण्याची परंपरा 1916 पासूनची. संस्कृतबरोबर चिनी किंवा अरबी घ्यायची असेल तर ही जागा योग्य. ऑक्सफर्डचं नाव मनात असेल त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तिथे पदवीला नुसतं तत्त्वज्ञान मिळत नाही. ते राज्यशास्त्र-अर्थशास्त्र, गणित, धर्मशास्त्र अशा दुसऱ्या विषयाच्या जोडीनेच घ्यावं लागतं.

अडचणी सरळ आहेत. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याची फी स्थानिकांच्या कितीतरी पट असते आणि पदवीपातळीवर पूर्ण शिष्यवृत्त्या फार थोड्या. लायडनमध्ये पहिल्या वर्षी 60 पैकी ठरावीक क्रेडिट मिळवली नाहीत तर अभ्यासक्रम सोडावा लागतो. नेहमीचा आकडा 45. राज्य मंडळाची बारावी थेट ग्राह्य धरतात का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या. कर्ज काढून ही पदवी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेच पैसे एम. ए.साठी राखून ठेवले तर जास्त उपयोगी पडतात.

तर्कशास्त्र : इथे दोन्ही परंपरा खरंच समोरासमोर येतात

कुठेही गेलात तरी पहिल्या वर्षी आकारिक तर्कशास्त्र पक्कं करा : सत्यता-कोष्टकं, नैसर्गिक निगमन, विधेय तर्कशास्त्र. मग दुसऱ्या वर्षी न्याय, म्हणजे तर्काचा विचार करणारं भारतीय दर्शन. क्रम उलटा केला तरी चालेल, पण दोन्ही हवीत. कारण असं.

तर्कसंग्रहात बाधित हेत्वाभासाचं, म्हणजे दुसऱ्या प्रमाणाने खोट्या ठरलेल्या कारणाचं, उदाहरण आहे : अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे. हेच पाश्चात्य आकारात मांडा : सर्व द्रव्यं थंड असतात, अग्नी द्रव्य आहे, म्हणून अग्नी थंड आहे. आकाराच्या दृष्टीने हा युक्तिवाद युक्त आहे. पहिलं विधान असत्य आहे, पण निष्कर्ष त्या विधानांतून बिनचूक निघतो. नैयायिक मात्र याला अनुमान म्हणणारच नाही. स्पर्शाने अग्नीची उष्णता थेट कळते, तेव्हा हेतू बाधित आहे आणि ज्ञान निपजत नाही. एका बाजूला प्रश्न विधानांच्या नात्याचा, दुसऱ्या बाजूला ज्ञान होतं की नाही याचा. म्हणूनच न्यायाच्या अनुमानातल्या पाच अवयवांत (पायऱ्यांत) ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर’ हे उदाहरण लागतं आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या तीन विधानांत लागत नाही. हा फरक न कळता पाच अवयव म्हणजे तीन विधानं अधिक दोन पुनरुक्त्या, असं उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं. फरक समजलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही परंपरांतले निम्मे वाद सोपे जातात.

1983 साली पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पारंपरिक न्यायपंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ समोरासमोर बसले होते. चर्चेला ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची विधानविषयक कल्पना होती आणि चर्चेची भाषा संस्कृत. त्यावर ‘संवाद’ नावाने ग्रंथही निघाला. तौलनिक तत्त्वज्ञान कसं करायचं याचा याहून चांगला नमुना मराठी विद्यार्थ्याला जवळ सापडणार नाही.

तुलनेतली नेहमीची चूक

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमला आत कुठेही ‘मी’ सापडला नाही, फक्त संवेदनांचा जुडगा सापडला. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचे भाग दाखवून व्यक्ती असं वेगळं काही नाही हे पटवलं. दोन्ही एकच, असा निबंध दर वर्षी लिहिला जातो. ह्यूमचा प्रश्न आत्म्याची कल्पना कोणत्या अनुभवातून येते हा आहे. नागसेनाच्या मागे दुःखनिरोधाचा सगळा मार्ग उभा आहे, आणि पुनर्जन्म कोणाचा याचं उत्तरही त्याला द्यावं लागतं. ह्यूमला ते द्यावं लागत नाही. साम्य दाखवून थांबणारा निबंध कमी गुणांचा असतो, मग तो पुण्यात लिहा की लायडनमध्ये. म्हणून पहिल्या दोन वर्षांत परंपरा वेगवेगळ्या शिका आणि तुलना तिसऱ्या वर्षी एकाच प्रश्नावर करा : प्रत्यक्ष (इंद्रियांनी होणारं ज्ञान), आत्मा किंवा कार्यकारणभाव. प्रत्यक्ष निवडलंत तर एका बाजूला दिङ्नागाचं कल्पनारहित (नाव-जातीची जोड नसलेलं) प्रत्यक्ष आणि त्यावर नैयायिकांचा सविकल्पकाचा (अशी जोड असलेल्या प्रत्यक्षाचा) आग्रह, दुसऱ्या बाजूला लॉक ते कान्ट. एका सेमिस्टरला एवढं पुरेसं आहे.

पुढचा रस्ता पाहून ठरवा

यूपीएससीसाठी तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय घ्यायचा असेल तर 250 गुणांचा पहिला पेपर प्लेटोपासून क्वाइनपर्यंत आणि चार्वाकापासून अरविंदांपर्यंत जातो. दुसरा तेवढ्याच गुणांचा, सामाजिक-राजकीय आणि धर्माच्या तत्त्वज्ञानाचा. प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा असलेल्या यूजीसी-नेटच्या दहा घटकांत भारतीय आणि पाश्चात्य घटक जवळपास जोडीजोडीने येतात. या दोन्हींसाठी दिल्लीची किंवा महाराष्ट्राची पदवी पुरते, परदेशी पदवीत उलट काही भाग शिकायचे राहून जातात.

परदेशात संशोधन करायचं असेल तर भारतातलं चौथं वर्ष करावं, कारण अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना चार वर्षांची पदवी लागते. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के असावे लागतात, म्हणजे पहिल्या सेमिस्टरपासून गुण मोजले जातात. अर्जाबरोबर पंधरा-वीस पानांचा एक स्वतंत्र निबंध द्यावा लागतो आणि बरेचदा निवड त्यावरच होते.

मन अजून डळमळत असेल आणि शाळेत संस्कृत झालं असेल, तर महाराष्ट्रातलं चांगलं महाविद्यालय, संस्कृत मायनर आणि चौथं वर्ष, हा मार्ग आम्ही आधी सुचवू. संस्कृतची ओढ नसेल आणि पश्चिमेकडेच मन जास्त असेल तर दिल्ली. चीन किंवा इस्लामी परंपरा हाच मुख्य रस असेल, आणि पैशाची सोय असेल, तरच लायडन किंवा सोआस.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी ज्या महाविद्यालयांचा विचार करत आहात त्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या मागच्या दोन परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. ‘थोडक्यात टिपा लिहा’ किती आणि एखादा उतारा देऊन ‘या युक्तिवादाचं परीक्षण करा’ किती, ते मोजा. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, या वर्षात कोणतं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात वाचलं गेलं.