बंध मोजायचे की निर्मितीचं कोष्टक उघडायचं?

अभिक्रियेतली उष्णता कागदावर काढायचे दोन रस्ते सगळ्यांना माहीत असतात. एकात तुटलेल्या बंधांच्या (अणूंना जोडणाऱ्या दुव्यांच्या) ऊर्जेतून जुळलेल्या बंधांची ऊर्जा वजा करायची. दुसऱ्यात उत्पादितांच्या निर्मिती-एन्थाल्पीतून, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनताना होणाऱ्या उष्णतेच्या बदलातून, अभिक्रियाकारकांची वजा करायची; हे आकडे कोष्टकात मिळतात. वजाबाकीचा क्रम दोन्हीकडे उलटा, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी शिकू नयेत असं आपलं माझं मत.

समजण्यासाठी बंधांचा रस्ता सरस, हे आधीच कबूल करतो. ‘इंधनाच्या बंधांत ऊर्जा कोंडलेली असते, बंध तुटला की ती सुटते’ हा गैरसमज माझ्याही डोक्यात बरीच वर्षं होता. मिथेनच्या एका मोलमधले (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक माप) चार मोल बंध तोडायलाच १६५२ किलोज्यूल खर्ची पडतात हे स्वतःच्या हातानं मांडलं, तेव्हा तो गेला. उष्णता मिळते ती नवे बंध जुळताना.

पण याच मिथेननं मला या रस्त्यावरून हटवलं. ज्वलनाचं गणित होतं. तोडायला १६५२, वर ऑक्सिजनच्या दोन मोलसाठी ९९६, एकूण २६४८. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे बंध जुळताना ३४५०. उत्तर उणे ८०२ किलोज्यूल, उणे म्हणजे उष्णता बाहेर पडते. पुस्तकाच्या मागे उणे ८९०. अख्खी संध्याकाळ मी बंध मोजत बसलो. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची किंमत चुकली असेल, अशी आधी शंका आली, कारण कोष्टकात ७४५ असते आणि कार्बन डायऑक्साइडसाठी ७९९ वेगळी, बहुधा तळटीपेत. ७४५ घालून पाहिलं तर उत्तर उणे ६९४, म्हणजे आणखीच लांब. गणितात चूक नव्हतीच. बंधांच्या किमती वायुरूप रेणूंच्या असतात, म्हणून माझं पाणी वाफ होतं, पुस्तकातलं द्रव. वाफेचं पाणी होताना मोलमागे ४४ किलोज्यूल सुटतात, दोन मोलचे ८८. हिशेब बरोबर असून उत्तर चूक, हे मला आजतागायत पचलेलं नाही.

निर्मितीच्या कोष्टकात हा घोळ होत नाही. तिथे पाण्याच्या दोन वेगळ्या ओळीच असतात, द्रव उणे २८५.८ आणि वाफ उणे २४१.८, निवड करावीच लागते. मग कार्बन डायऑक्साइडचे उणे ३९३.५, पाण्याचे दोनदा उणे २८५.८, त्यातून मिथेनचे उणे ७४.८ वजा: उणे ८९०.३. ऑक्सिजन मूलद्रव्य, त्याचं शून्य. चिन्हं मात्र जपावी लागतात. उण्यातून उणे वजा करताना माझाही हात अजून क्षणभर थबकतो. आणि आकडे कुठून आले हे कोष्टक सांगत नाही, नुसतं भरायचं नि काढायचं, हा आक्षेपही खोटा नाही.

तरी नेमकं उत्तर हवं असेल तर मी दुसराच रस्ता धरतो. तुमचं कदाचित वेगळं असेल, विशेषतः पदार्थ कोष्टकात नसेल तर. मग बंधांशिवाय गत्यंतर नाही, आणि सरासरी किमतींवरचा तो अंदाज बऱ्याचदा कामापुरता पुरतो. बेंझीन समोर आलं तर मात्र जपून. त्याच्या सहा कार्बनांच्या कड्यात तीन एकेरी, तीन दुहेरी बंध धरून हिशेब केलात, तर साधारण १५० किलोज्यूलचा फरक त्याच्या स्थैर्यामुळे पडतो, आणि तो कुठल्याच एका बंधाच्या नावावर लिहिलेला नसतो.