हेडफोन लावून परत बघितलेले २००० नंतरचे पिक्चर

गेले चार-पाच महिने आमच्या घरात रात्री साडेनऊनंतर टीव्हीचा आवाज बंद, कारण लेक झोपलेली असते आणि तिची झोप म्हणजे कापूर, जरा खुट्ट झालं की उडाली. म्हणून मी हेडफोन लावून जुने पिक्चर परत बघायला घेतलेत. जुने म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट वगैरे नाही, २००० ते २००८ मधले, जे तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतले होते आणि सगळ्यांच्या मागून मीपण. ठरवून असं काही नव्हतं, पण दोन-तीन झाल्यावर लक्षात आलं की आवाज असा थेट कानात आला की पिक्चरचं पितळ उघडं पडतं. कुठे म्युझिक ओतून आपल्याला रडवायला बघतायत आणि कुठे दिग्दर्शकाला गप्प बसता येतं, लगेच कळतं. आणि माझ्यापुरतं बोलायचं तर जे गप्प बसले तेच टिकलेत. (पुढे शेवट फोडलेत सगळ्यांचे, वीस वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर.)

पहिला बघितला कास्ट अवे, २००० चा. टॉम हँक्स, विमान पडतं, बेट, व्हॉलीबॉल, स्टोरी पाठ आहे सगळ्यांना. हँक्सला वजन उतरवायला आणि दाढी वाढवायला वेळ मिळावा म्हणून शूटिंग साधारण वर्षभर थांबवलं आणि मधल्या वेळात दिग्दर्शक झेमेकिसने बरंचसं तेच युनिट घेऊन व्हॉट लाइज बिनीथ हा अख्खा दुसरा पिक्चर उरकून टाकला, हेपण बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मला पहिल्या वेळी अजिबात न जाणवलेली गोष्ट म्हणजे हा माणूस बेटावर असेपर्यंत बॅकग्राउंड म्युझिकच नाही. नाही म्हणजे नाहीच. लाटा, वारा आणि रात्री अंधारात कुठूनतरी धप्प. तो घाबरून कोण आहे कोण आहे करत हाका मारतो, परत धप्प, आणि शेवटी निघतात काय तर झाडावरून पडणारे नारळ. पूर्वी मी या सीनला हसले होते. आता रात्री एकटीने कानात तो धप्प ऐकला आणि खरंच मागे वळून बघितलं. एक साधा पक्षीसुद्धा ओरडत नाही हो त्या बेटावर, मी मुद्दाम कान देऊन बसले होते.

आणि मग चार वर्षांनी तो तराफा घेऊन ती मोठी लाट पार करतो, आता आपण टाळ्या वाजवायच्या तयारीत, तर तो वळून बेटाकडे बघतो आणि तिथे अॅलन सिल्वेस्ट्रीचं म्युझिक पहिल्यांदा सुरू होतं. आणि तेही सुटकेच्या आनंदाचं नाही, काहीतरी मागे राहिल्याचं. इतका वेळ उपाशी ठेवून मग घास भरवल्यासारखं आहे ते, दोन सूर आले आणि मी ढसाढसा. घरी परतल्यावरचा भाग तेव्हा मला कंटाळवाणा वाटला होता, तो आता सगळ्यात जास्त आवडला. पार्टी संपलीये, लोक गेलेत, टेबलावर खेकडे तसेच पडलेत, आणि हा लायटर हातात घेऊन चालू करतो, बंद करतो, चालू करतो. विस्तवासाठी ज्याने हाताची सालटी काढली त्याला आता अंगठा दाबला की जाळ मिळतो. एक शब्द नाही बोलत कोणी. हीरो फेडेक्सचा माणूस, म्हणून कुरिअर कंपनीची सव्वादोन तासांची जाहिरात आहे हा आक्षेप मान्य, पण जाहिराती अशा असतील तर करा बाबा.

दुसरा नो कंट्री फॉर ओल्ड मेन, २००७. हा मी पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या पाच पैशाच्या स्पीकरवर बघितला होता आणि संपल्यावर म्हणलं होतं की हे काय, हीरो मेला तेपण दाखवलं नाही आणि शेवटी म्हातारा स्वप्न सांगत बसतो, याला चार ऑस्कर? आता स्वतःचीच लाज वाटते. पेट्रोल पंपावरचा सीन आठवत असेल, तो खुनी शिगर (हाव्हिएर बार्डेम, ते केस, ते डोळे) काउंटरशी उभा राहून काजू खातोय आणि त्या गरीब म्हाताऱ्याला उगाच प्रश्नावर प्रश्न विचारतोय. खाऊन झाल्यावर तो रिकामा कागद मुठीत चुरगळतो आणि काउंटरवर ठेवतो. कॅमेरा त्या कागदावर. कागद हळूहळू उलगडतो, कुर्र, थांबतो, परत कुर्र. एवढंच. मी त्या कागदाला घाबरले! म्हाताऱ्याला कळलेलं नाही की आपला जीव टांगणीला लागलाय, आपल्याला कळलंय, आणि मध्ये तो कागद. मग नाणं काढतो, १९५८ सालचं, बावीस वर्षं फिरत फिरत इथे पोचलंय म्हणतो, आणि छापा का काटा सांग म्हणतो. तिथे व्हायोलिन घासायचा मोह नव्याण्णव दिग्दर्शकांना झाला असता. दिग्दर्शक कोएन बंधूंनी आवरला. कार्टर बरवेलचं म्युझिक आहे म्हणे यात, पण ते वाऱ्यात आणि गाड्यांच्या आवाजात असं मिसळलंय की वेगळं काढता येत नाही, आणि आहे तेपण अगदी थोडं.

हॉटेलचा सीन तर हेडफोनवरच बघावा. हीरो ल्यूलिन अंधारात बंदूक धरून पलंगावर बसलाय, दाराबाहेर पैशांच्या बॅगेचा माग काढणाऱ्या यंत्राची बीप बीप जवळ येते, दाराच्या फटीत दोन पावलांची सावली, मग सावली जाते, आणि पॅसेजमधला दिवा विझतो. मी श्वास रोखून बसलेय आणि नेमकी आत लेक झोपेत खोकली. हार्ट अटॅक म्हणजे काय ते कळलं.

आता कोणी म्हणेल की हिला म्युझिकचंच वावडं आहे, तर तसं नाहीये. इन द मूड फॉर लव्ह (हाही २००० चाच) मध्ये तीच एक व्हायोलिनची धून परत परत येते, शिगेरू उमेबायाशीची, आणि ती मुळात या पिक्चरसाठी केलेलीसुद्धा नाही, १९९१ च्या एका जपानी पिक्चरमधली आहे. पण दिग्दर्शक वाँग कार-वायने ती वापरलीये कुठे, तर मॅगी चुंग हातात डबा घेऊन नूडल्स आणायला जिना उतरते तिथे. स्लो मोशनमध्ये. बाई नूडल्स आणायला चाललीये आणि आपल्या पोटात तुटतं. तिच्या नवऱ्याचं शेजाऱ्याच्या बायकोशी लफडं चालू आहे, पण त्या दोघांचा चेहरा अख्ख्या पिक्चरमध्ये दाखवत नाहीत, नुसता आवाज किंवा पाठ. यात काही काढावं घालावं असं मला काही सापडलं नाही. पूर्ण मार्क.

देअर विल बी ब्लडचंही तेच, जॉनी ग्रीनवुडचं म्युझिक त्यात चांगलं अंगावर येतं, पण पहिली पंधरा मिनिटं जवळजवळ एक संवाद नाही, मधूनमधून ते म्युझिक आणि बाकी खड्डा, कुदळ आणि धापा. तेलविहिरीच्या स्फोटात हीरोच्या पोराचे कान जातात तेव्हा पिक्चरचा आवाजसुद्धा त्याच्यासारखा दबून जातो, मला आधी वाटलं हेडफोन गेला. शेवटचा बोलिंग खेळायच्या खोलीतला तमाशा मला तेव्हाही जास्त वाटला होता, आत्ताही वाटला. डॅनियल डे-लुईसला कोणीतरी थांब म्हणायला हवं होतं, पण कोण म्हणणार.

डार्क नाइटवरून घरात भांडण झालंय. नवऱ्याचा जीव की प्राण आहे तो. मी एवढंच म्हणलं की जोकरसाठी चेलोवर ताणलेला तो जवळजवळ एकच सूर अफाट आहे, हीथ लेजर तर काय बोलायलाच नको, बिचारा पिक्चर यायच्या आधी गेला, ऑस्कर मागून मिळालं. पण जोकर फ्रेममधून गेला की उरतं काय, तर सतत ढण ढण ढण आणि घसा बसलेला बॅटमॅन. अडीच तासांत हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड दम म्हणून घेत नाहीत. पाऊण तासात मी आवाज दोनदा कमी केला. नवऱ्याचं म्हणणं हा पिक्चर हेडफोनवर बघायचाच नसतो, मोठ्या पडद्यावर बघायचा असतो. असेल बुवा. मग मोठ्या पडद्याबाहेर त्याने काय करायचं?

लॉस्ट इन ट्रान्सलेशनबद्दल थोडक्यात. जपानी लोकांच्या उच्चारांवरचे विनोद शिळे झालेत, बघताना अवघडायला होतं. पण शेवटी भर गर्दीत बिल मरे स्कार्लेट जोहान्सनच्या कानात काहीतरी सांगतो ते आपल्याला ऐकू येत नाही, तो शेवट मात्र अजून तसाच ताजा आहे. मी हेडफोन कानावर दाबून तीनदा मागे नेऊन ऐकलं. नाही कळलं. बरं झालं.

आणि आता माझं खरं दुखणं. कॅशे, २००५, दिग्दर्शक मिखाएल हानेके. यात म्युझिक अजिबातच नाही. पहिलाच शॉट एका घराचा, कॅमेरा हलत नाही, काहीच घडत नाही, रस्त्याचे आवाज, आणि मग एकदम पडद्यावर रेघा येतात आणि कळतं की आपण पिक्चर नाही, त्या घरातल्यांना कोणीतरी पाठवलेली व्हिडिओ कॅसेट बघतोय, त्यांच्याबरोबर. तिथून पुढे प्रत्येक स्थिर शॉटवर संशय. कोण शूट करतंय हे? मी पंच्याण्णव टक्के पिक्चर नखं खात बघितला. शेवटचा शॉट शाळेच्या पायऱ्यांचा, पोरं बाहेर पडतायत, गर्दी, कॅमेरा लांब, आणि त्या गर्दीत डाव्या कोपऱ्यात कोण कोणाला भेटतं यातच सगळी गंमत आहे. कोणी बोट करून दाखवत नाही, एक सूर वाजत नाही, क्रेडिट्स सुरू होतात तरी शॉट चालूच. मी खुर्चीच्या टोकावर, आणि तेवढ्यात मी ज्या अॅपवर बघत होते त्याने तो अख्खा शॉट चेपून काडेपेटीएवढा कोपऱ्यात टाकला आणि स्क्रीनभर पुढचा पिक्चर कुठला तर एक कॉमेडी, पाच सेकंदांत सुरू, चार, तीन. रिमोट सोफ्याच्या फटीत. सापडेपर्यंत कानात धिंगाणा चालू झालेला.

दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ते आपोआप पुढचं लावणं बंद केलं (प्रोफाइलच्या आत कुठेतरी लपवलेलं असतं, शोधा) आणि नुसता तो शॉट परत लावला. नवऱ्यालापण एक कान दिला. त्याला पहिल्या वेळी दिसलंच नाही, म्हणे काय बघायचंय यात, पोरं घरी चाललीयेत. मी काही बोलले नाही, परत मागे नेलं. तिसऱ्यांदा तो पुढे वाकला आणि म्हणाला, थांब, तो डावीकडचा... आणि मग कितीतरी वेळ दोघंही गप्प.