इम्युनोथेरपी: पूर्ण डोस, कमी डोस की कार-टी?

परळला टाटाच्या आवारात फाइल मांडीवर घेऊन बसलेली माणसं एकमेकांना विचारतात, "तुम्हाला इम्युनो सांगितलंय का?" जणू ते एकच औषध आहे! इम्युनोथेरपी म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारे उपचार, आणि ते अनेक आहेत. त्यातलं आपल्याला कुठलं लागू, हे खिशाच्या आधी बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात जपलेला गाठीचा तुकडा, ठरवतो.

कारण गाठ लपते कशी, यावर सगळं आहे. काही गाठी अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन मिरवतात. टी-पेशी म्हणजे शरीराचा पहारेकरी; तिच्यावरचं पीडी-१ त्याला जुळलं की ती हात आखडता घेते. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं हे जुळणंच अडवतात, म्हणजे टी-पेशीचा ब्रेक सोडतात. पण गाठीने ओळख पटवणारे एमएचसी रेणूच काढून टाकले असतील, तर टी-पेशीला ती दिसतच नाही. मग ब्रेक सोडूनही गाडी जाणार कुठे?

निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. घर विकायची पाळी आणणारा. टाटाच्याच डॉक्टरांनी तोंड-घशाच्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिबच्या गोळ्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षभरानंतर हयात: नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, निव्होलुमॅबसह ४३.४ टक्के. मात्र ही तुलना पूर्ण डोसशी नव्हती, म्हणून 'तेवढंच चालतं' असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान डोलावू नका. तरी पूर्ण डोस झेपणारच नसेल, तर मी कमी डोसबद्दल आधी विचारेन.

कार-टीची जात वेगळी. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना सीडी१९ (बी-पेशी या रक्तातल्या पेशींवरचं एक प्रथिन) ओळखायला शिकवून परत सोडतात. इथे एमएचसी लागत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ला २०२३मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी, तेही इतर उपचार थकल्यावर. तंबाखूच्या गाठीसाठी पवईला खेटे घालू नका. खर्च लाखांत, परदेशात कोटींत. आणि कॅन्सरच्या पेशींनी सीडी१९च टाकून दिलं तर आजार उलटतो.

त्रासही वेगळा. कार-टीत सुरुवातीचे दिवस तापाचे, रक्तदाब घसरण्याचे, कधी भ्रमाचे, म्हणून रुग्णालयाजवळच राहायचं. निव्होलुमॅबसारख्या इंजेक्शनांचा त्रास काही महिन्यांनीही उद्भवतो: जुलाब, धाप, थायरॉइड. अशा वेळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून जुलाबाची गोळी न घेता आधी ऑन्कोलॉजिस्टला फोन करा. तो जुलाब बहुधा स्टेरॉइडनेच आटोक्यात येतो.